धुराखाली दोन व्याही

येत्या रविवारचं जेवण आपल्याला रांधायचं आहे, ही बातमी साहेबांना मोजे काढता काढता कळली. एक मोजा हातात आणि एक पायात अशा अवस्थेत ते लेकीकडे बघत राहिले.

"कोणी रांधायचं?"

"तुम्ही, बाबा."

"मी?"

"दर रविवारी रांधता की! म्हणजे... रांधता, असं मी त्यांना सांगून बसलेय."

साहेब म्हणजे अग्निशामक केंद्राचे प्रमुख. सगळी नोकरी आग विझवण्यात गेलेली. हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासायला गेले की कुठल्या शेगडीची नळी कधी दगा देणार, हे ते दारातूनच सांगायचे. मात्र ती शेगडी पेटवतात कशी, हे विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. घरी प्यायचं पाणीसुद्धा हातात यायचं. त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नसे, कारण रिकामा पेला ते स्वतः उचलून ओट्यावर नेऊन ठेवायचे. ह्या पेल्याच्या जोरावर ते स्वतःला सुधारक समजायचे.

लेक शिकायला युरोपात गेली होती आणि तिथल्याच एका मुलाशी तिचं लग्न ठरत आलं होतं. आता मुलगा आईवडिलांना घेऊन भेटायला येणार होता. मुलाचे वडील दातांचे डॉक्टर, आई शाळेत मुख्याध्यापिका. माणसं चांगली होती. घोळ घातला होता तो आपल्याच लेकीने.

"अहो बाबा, त्याच्या आईंनी मला विचारलं, तुमच्याकडे पुरुष स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत म्हणे? अगदी प्रेमाने विचारलं हो. पण तुमच्याकडे अजून वीज आली नाही का असं विचारतात ना, तसल्या आवाजात! आणि वर म्हणाल्या, आमच्याकडे रविवारचं जेवण हेच करतात. मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, माझे बाबाही करतात."

"अगं, पण खोटं कशाला?"

"आपल्या सगळ्यांच्या इज्जतीचा प्रश्न होता."

"मग तुझ्या इज्जतीने रांधावं की! मी काय करू?"

"त्या म्हणाल्या, छानच झालं, आम्ही आलो की दोघे मिळून रांधतील. युरोप किती पुढे आणि आशिया किती मागे, एका जेवणात कळेल."

साहेब ओरडणारच होते, पण लेकीचा आवाज एकदम उतरला. "बाबा, आमचं ठरलंय, घरातलं काम निम्मं निम्मं करायचं. मी त्याला म्हटलंय, मी असंच घर बघत वाढलेय. आता हे खोटं ठरलं तर मी कुठल्या तोंडाने निम्मं मागू? आणि त्याच्या आईंना खोटं बिलकूल खपत नाही."

झालं, साहेब विरघळले. लेकीसाठी ते जळत्या गोदामात शिरले असते. त्या मानाने स्वयंपाकघर लहान होतं.

शिकवायची जबाबदारी अर्थातच बायकोवर आली. आता साहेबांच्या बायकोचा धंदा गाडी चालवायला शिकवण्याचा. निम्म्या गावाचे हात तिने स्टिअरिंगवर बसवलेले. तिच्या शिकवणीच्या गाडीत तिच्या पायाखाली वेगळा ब्रेक असायचा. शिकाऊ माणूस बावचळला की ती तोंडाने "शाबास, शाबास" म्हणत खालून ब्रेक दाबायची. शिकवण्याची दुसरी रीत तिला ठाऊकच नव्हती.

"अहो, ताठ उभे राहा. डावीकडे बघा, उजवीकडे बघा. आता बटण दाबून हळूच फिरवा. हळू! क्लच सोडतात तसं!"

"मला गाडीही येत नाही गं!" साहेब कळवळून म्हणाले. खरंच होतं ते. बंब चालवायला ड्रायव्हर असायचा.

"मग दोन्ही एकदमच शिका. आता तेल. अहो, शेगडीवर भांडं तरी ठेवा आधी!"

बेत साधा ठरला. भात, बटाट्याची परतलेली भाजी, उकडलेली अंडी आणि टोमॅटोचं सूप. पहिल्या दिवशी अंड्यांत पाणी घालायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी पाणी आठवणीने घातलं, अंडी राहिली. बायकोचा उजवा पाय सारखा फरशीवर दाबला जात होता, पण स्वयंपाकघरात तिच्या बाजूला ब्रेक कुठला असायला!

केंद्रातही साहेबांच्या डोक्यात तेच. तिथे जवान पाळीपाळीने स्वतः रांधत. प्रमुखांना पाळी माफ होती. साहेब ड्रायव्हरच्या मागे उभे राहून त्याचं कांदा चिरणं असं निरखायला लागले, की बिचाऱ्याला वाटलं आता आपली चौकशी लागणार. हा सगळा प्रकार टेलिफोनपाशी बसलेली एक मुलगी गालातल्या गालात हसत बघत होती. केंद्रातली ती पहिली बाई. शिडीच्या परीक्षेत पहिली आलेली, पण साहेबांनी तिला रुजू झाल्यापासून फोन आणि अलार्म सांभाळायला बसवलं होतं. जवान तिला फोनताई म्हणत.

"साहेब, माझ्या शिडीच्या ड्युटीचं काय झालं?" तिने नेहमीप्रमाणे विचारलं.

"बघू, पोरी. शिडी काय कुठे पळून जातेय?" साहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, आणि पुन्हा कांद्याकडे वळले.

रविवारी पाहुणे आले. व्याही उंच, गोरे, चेहऱ्याने गरीब. विहीणबाई हसतमुख, पण बोलताना समोरचा आपोआप सरळ बसायचा. होणारा जावई का कोण जाणे, आल्यापासून बापाची नजर चुकवत होता. चहापाणी झाल्यावर विहीणबाईंनी टाळी वाजवली आणि लेकीने त्यांचं बोलणं सांगितलं, "त्या म्हणतायत, आता पुरुष आत, बायका बाहेर."

दोघे व्याही स्वयंपाकघरात शिरले. वरच्या मजल्यावरचं हे स्वयंपाकघर म्हणजे साहेबांचा अभिमान होता. आत लागलेली आग बाहेर पसरू नये म्हणून त्यांनी जाडजूड दार बसवून घेतलं होतं. छताला धुराचा अलार्म होता. तो वाजला की थेट केंद्रात, फोनताईच्या टेबलावर बेल वाजायची. आग विझवायचं लाल नळकांडं तेवढं साहेबांनी सकाळीच काढून पलंगाखाली सरकवलं होतं. आपल्याच स्वयंपाकावर आपला विश्वास नाही, असं पाहुण्यांना वाटायला नको!

व्याह्यांनी मागे वळून दार लावलं आणि कडी घातली. "चांगल्या आचाऱ्याला कोणी बघत असलेलं आवडत नाही," ते म्हणाले. दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे बोलणं छान जमत होतं.

"अगदी माझ्या मनातलं बोललात," साहेब म्हणाले. बायकोसमोर फजिती व्हायची टळली होती.

मग दोघेही शेगडीकडे बघत उभे राहिले.

"करा सुरुवात," साहेब म्हणाले. "पाहुण्यांचा मान पहिला."

"छे छे, घर तुमचं. तुम्ही पुढे, मी मदतीला."

"असं कसं? तुमचा अनुभव मोठा."

"तुमचा काय कमी आहे?"

असा आग्रह बराच वेळ चालला. शेवटी व्याह्यांनी बटाटा घेतला आणि खिशातून स्वतःची बारीक सुरी काढली. बटाटा त्यांनी चिमटीत असा धरला, जसा काही तो आत्ता दुखलं म्हणेल. साल काढली, डोळे कोरले, कडा घासल्या, पुन्हा उजेडात धरून बघितला. पाच-सहा बटाटे संपले तेव्हा ताटलीत दाढेएवढे पांढरेशुभ्र तुकडे ओळीने मांडलेले होते आणि सालींचा ढीग मात्र घरभर पुरेल एवढा. साहेब बघतच राहिले. बाप रे, तिकडची रीत किती पुढे गेलीय! आपण नुसतं चिरायला शिकलो.

हार जाऊन चालणार नव्हतं. साहेबांनी ताठ उभं राहून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि शेगडी पेटवली. व्याह्यांनी हे सगळं भक्तिभावाने बघितलं आणि दुसरी शेगडी पेटवण्याआधी त्यांनीही डावीकडे-उजवीकडे बघून घेतलं. इकडची रीत असेल!

एका शेगडीवर तेल चढलं, दुसरीवर भात. भातात पाणी किती घालायचं हे साहेबांनी घोकलेलं होतं, पण ऐन वेळी आठवेना. त्यांनी व्याह्यांकडे बघितलं. व्याह्यांनी जाणत्यासारखी मान हलवली. साहेबांना वाटलं पुरे म्हणतायत, व्याह्यांना वाटलं यजमान म्हणतील ते खरं. तांदूळ जेमतेम ओले झाले. मग दोघेही अंडी शोधायला लागले. अंडी सापडली तेव्हा तेल विसरलं गेलं होतं.

"हे असं निळं दिसायला हवं का?" व्याह्यांनी हलकेच विचारलं.

साहेबांनी वळून बघितलं. तेलातून निळसर धूर निघत होता, आणि तीस वर्षांची नोकरी त्यांच्या अंगात संचारली. "मागे व्हा!" त्यांनी गॅस बंद केला, कढईवर परात पालथी घातली, दुसऱ्या हाताने भाताचा गॅस बंद केला आणि खिडकी उघडली. सगळं एका दमात. आग अशी लागलीच नव्हती. पण भाताने तळ धरला होता, त्याचा धूर वर चढला, आणि छतावरचा अलार्म जीव खाऊन किंचाळायला लागला.

"दार उघडा!" साहेब ओरडले. व्याह्यांनी घाईत कडीला असा हिसका दिला की कडीची मूठ त्यांच्या हातात आली. ती त्यांनी उपटलेल्या दाढेसारखी साहेबांना दाखवली.

बाहेरून लेक आणि जावई धडका देत होते. दार ढिम्म हललं नाही. साहेबांनी ते तसंच मजबूत बनवून घेतलं होतं.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही गं! फोडणी!"

"फोडणीला अलार्म?"

"मोठी फोडणी!" साहेब खोकत म्हणाले आणि व्याह्यांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं. "खाली बसा. धूर वर राहतो, हवा खाली असते."

तर असे ते दोघे ओट्याला पाठ टेकून फरशीवर बसले. डोक्यावर धूर तरंगत होता आणि ताटलीतले बटाटे काळे पडत होते. व्याह्यांनी डोळे पुसले. ते धुराने वाहत होते की आणखी कशाने, कोण जाणे.

"मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "मला स्वयंपाक येत नाही. चहासुद्धा नाही. दर रविवारी जेवण तीच करते, मी फक्त टेबलावर फुलं ठेवतो."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांना हसू फुटलं. खोकला आणि हसू एकत्र आलं की माणूस जसा दिसतो तसे ते दिसायला लागले. "मी पेला उचलून ठेवतो!" ते म्हणाले. "एवढंच! फक्त पेला!"

व्याह्यांना समजायला एक क्षण लागला. समजल्यावर त्यांनी साहेबांच्या गुडघ्यावर थाप मारली. "बायको शाळेत मुलींना समानतेचे धडे देते. एकदा वर्गात म्हणून गेली की आमच्याकडे नवरा रांधतो. तेव्हापासून तिला मागे फिरता आलं नाही. तुमच्या मुलीलाही तेच सांगितलं. मग कळलं की तुम्ही खरोखर रांधता! मला रात्र रात्र झोप नाही."

"आणि मला इकडे!"

"आमच्या देशाचा नंबर फार वरचा आहे हो," व्याही उदास होऊन म्हणाले. "दर वर्षी पेपरात छापून येतो. कायदे चांगले, पगार बरे, बायका मंत्री आहेत. पण आमचं स्वयंपाकघर मोजायला कोणी येत नाही."

"आमचा नंबर बराच खालचा आहे," साहेब म्हणाले. "धूर मात्र सारखाच झाला बघा."

एवढ्यात खालून बंबाची घंटा ऐकू आली. साहेबांचा चेहरा खाडकन उतरला. आपलाच अलार्म, आपलंच केंद्र, आपलाच बंब! उठून खिडकीतून बघतात तो काय, धाकटा बंब आलेला. मोठा बंब दुसरीकडे गेला असणार, सगळे जवान घेऊन. ड्रायव्हर शिडी लावत होता आणि शिडीवर पाय ठेवत होती फोनताई.

"पोरी, तू कशाला? शिडीचा कोन बघ! डावा पाय आधी! एक हात मोकळा..."

फोनताई भराभरा वर आली. खिडकीशी तिचं शिरस्त्राण दिसलं आणि त्याखाली तिचं तोंड. "साहेब, तुम्ही आत अडकलेली माणसं आहात. अडकलेल्या माणसांनी सूचना द्यायच्या नसतात. असं तुम्हीच शिकवलंय."

साहेब मुकाट्याने दोन पावलं मागे सरले. असं फार क्वचित व्हायचं.

तिने आधी व्याह्यांना कमरेला पट्टा बांधून उतरवलं. ते डोळे मिटून उतरले. मग साहेबांची पाळी आली. अर्ध्या शिडीवर साहेबांचा पाय सटकला, तसा तिने त्यांचा पट्टा पकडला आणि म्हणाली, "शाबास, शाबास, येताय छान." खाली उभ्या असलेल्या बायकोचा पाय आपोआप रस्त्यावर दाबला गेला.

खाली सगळे जमले होते. शेजारपाजार, लेक, जावई. विहीणबाई तर तोंडाचा आ करून शिडीकडे बघत होत्या. नवऱ्याची विचारपूसही न करता त्यांनी फोनताईचे दोन्ही हात धरले. लेक भाषांतर करायला लागली.

"त्या विचारतायत, तुमच्या केंद्रात बायका किती?"

"मी एकटीच."

"त्यांच्या गावच्या केंद्रात एकही नाही म्हणे. त्या दर वर्षी शाळेतल्या मुलींना बंब दाखवायला नेतात, पण शिडीवर बाई त्यांनी आज पहिल्यांदा बघितली." लेक जरा थांबली. "विचारतायत, तुमच्या साहेबांनीच शिकवलं ना तुम्हाला? त्या म्हणतायत, फार मोठा माणूस आहे."

सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेब स्वतःच्या बुटांकडे बघत होते. आता ही काय बोलते? साहेबांनी मला फोनवरच बसवून ठेवलं, असं ती बोलली असती तर एकही शब्द खोटा नसता.

फोनताईने शिरस्त्राण काढलं. "हो ना. मला शिडी मिळावी म्हणून साहेबांनी आज स्वतःच्या घरात धूर केला."

जमलेली माणसं खो खो हसली. साहेबांचे कान लाल झाले. मग ते पुढे झाले आणि खाकरून म्हणाले, "उद्यापासून शिडीवर तुमची ड्युटी, मॅडम." मॅडम हा शब्द त्यांच्या तोंडून तिच्यासाठी पहिल्यांदाच निघाला होता.

"आणि फोनवर कोण बसणार, साहेब?"

"बसू पाळीपाळीने. मी आहे की."

आता उरला लग्नाचा प्रश्न. व्याह्यांनी तिथेच, बंबाशेजारी, सगळं कबूल करून टाकलं. साहेबांनी त्यांच्या सुरात सूर मिळवला. विहीणबाई आधी लाल झाल्या, मग पांढऱ्या, आणि शेवटी तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. रागावणार कोणावर? खोटं दोन्हीकडे भरपूर होतं.

लेकीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. ती होणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, "मीही खोटं बोलले. माझ्या घरी असलं काही निम्मं नव्हतं. आता मी तुझ्याकडे कसं मागू?"

तो तिने शिकवलेल्या तुटक भाषेत बोलला. "तू माग. आमच्या घरचं मला सगळं माहीत होतं, आईला खोटं कसं पाडणार म्हणून गप्प होतो. पण आज दोन्ही बाबा बघितले. मला नाही असं खिडकीतून उतरायचं."

साहेबांच्या बायकोने मग निकाल दिला. ह्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा असायचा. "लग्न पक्कं. लग्नाच्या आदल्या दिवशी जेवण दोघे व्याही करतील, आणि ते आम्ही सगळे खाऊ. तोवर दोघेही शिकाऊ." आणि आपल्या गाडीवरची लाल 'एल'ची शिकाऊ पाटी काढून तिने साहेबांच्या गळ्यात अडकवली.

त्यानंतर केंद्रातल्या स्वयंपाकाच्या पाळीत साहेबांचंही नाव लागलं. पहिल्यांदा जवान घरून डबा घेऊन आले. मग हळूहळू डबे बंद झाले. साहेबांची अंडी आता सोलता यायला लागली होती, भातही एकाच रंगाचा व्हायचा.

लग्न तोंडावर आलं असताना एका रविवारी साहेब केंद्रात कांदा परतत होते. तेवढ्यात बेल झाली आणि फोनताई, म्हणजे आता मॅडम, शिडीचा बंब घेऊन निघाल्या. साहेबांनी गॅस बारीक केला आणि नेहमीप्रमाणे व्याह्यांना व्हिडिओ फोन लावला. दोघे दर रविवारी बरोबरच रांधायचे, हा इकडे आणि तो तिकडे.

फोन लागला, पण पडद्यावर व्याही दिसेनात. नुसता पांढुरका ढग दिसत होता, आणि कुठेतरी काहीतरी किंचाळत होतं.

"व्याहीबुवा! कुठे आहात?"

"खाली," ढगाखालून आवाज आला. "फरशीवर. तुम्ही शिकवलं तसं."

"घाबरू नका. गॅस बंद केलात? खिडकी उघडी आहे?"

"सगळं केलंय, पण दार उघडेना. बंबही आलाय खाली, शिडी लावतायत."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. मग त्यांच्याने राहवेना. "कोण चढतंय हो शिडीवर? बाई आहे का?"

व्याह्यांचं डोकं धुरातून हळूच वर आलं, खिडकीकडे वळलं आणि पुन्हा खाली गेलं.

"नाही हो," ते ओशाळून म्हणाले. "दाढीवाला आहे. ह्या बाबतीत आम्ही अजून जरा मागेच आहोत."